जतन करा व पुढे जा

अकराच्या ठोक्याला पेपर सुरू झाला आणि दीप्तीला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येत होतं.

सांख्यिकीचा पेपर. साठ प्रश्न, नव्वद मिनिटं, घरी बसून, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. पदवीचा एवढा एकच विषय राहिला होता आणि विद्यापीठानं दिलेली आठ वर्षं याच परीक्षेला संपत होती. आज सुटला नाही, तर आधी पास झालेले सगळे पेपरही रद्द.

तिनं तिसरा पर्याय निवडला. मग 'जतन करा व पुढे जा' दाबायला उजव्या कोपऱ्यात खाली गेली. तिथं काहीच नव्हतं. चौथा पर्याय अर्धाच दिसत होता आणि त्याखाली स्क्रीनची कड.

रविवारच्या सराव परीक्षेत बटण तिथंच होतं. पण तो जुना लॅपटॉप होता. बुधवारी त्याच्या स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या आणि तो गेला. हा नवा काल संध्याकाळी आला. दुकानातल्या दुर्गेशनं सगळं लावून दिलं, तेव्हा बाबा चष्मा वर करून स्क्रीनजवळ वाकले होते.

"अक्षर लय बारीक हाये गा याच्यात. मोठं करून दे. पोरीच्या डोळ्याले तरास नको."

नव्या स्क्रीनवर सगळं बारीकच दिसतं, म्हणत दुर्गेशनं ते मोठं करून दिलं होतं.

आता तीच मोठी अक्षरं स्क्रीनवर मावत नव्हती. तिनं दोन बोटांनी पान वर ओढलं. सरकलं नाही. टॅब दाबून पाहिलं, बाण दाबून पाहिले. परीक्षा सुरू होताच सॉफ्टवेअरनं कीबोर्ड बंद केला होता. अक्षरं पुन्हा लहान करणं अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्यासाठी परीक्षेतून बाहेर पडावं लागलं असतं आणि बाहेर पडलं की पेपर रद्द. मदतीचं बटणही खालीच असायचं. त्याच कोपऱ्यात.

"सर," ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "बटण दिसून नाही राहिलं. खालचं सगळं कटून गेलं."

स्क्रीनवर लाल पट्टी आली. 'परीक्षेदरम्यान बोलण्यास मनाई आहे. सूचना १.'

ती थांबली. कोणीतरी ऐकलं असेल, आता काहीतरी करतील. सात मिनिटं गेली. मग तिनं कच्च्या कामाच्या कागदावर ठळक लिहिलं, 'पुढचं बटण दिसत नाही', आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

'कॅमेऱ्यासमोर वस्तू धरू नये. सूचना २. पुढील सूचनेनंतर परीक्षा रद्द होईल.'

तिनं कागद उलटा करून ठेवला.

पहिला प्रश्न तिनं पुन्हा सोडवला. उत्तर बरोबर होतं. तिसऱ्यांदा सोडवला. पॅथॉलॉजी लॅबच्या नोकरीत नमुन्यांच्या बाटल्यांवर नावं चिकटवता चिकटवता पाठ केलेली सूत्रं एकामागून एक आठवत होती. विचलन, सहसंबंध, संभाव्यता. एकही अडत नव्हतं. पुढचे एकोणसाठ प्रश्न मात्र तिला दिसणार नव्हते.

बाहेर शेजाऱ्यांची बोअरची मोटर घरघरू लागली. लगेच बाबांचा दबका आवाज आला. "चंपतराव, मोटर बंद ठेव गा थोडा वेळ. पोरीचा पेपर चालू हाये."

मोटर बंद झाली. मागच्या गल्लीत कुकरची शिट्टी झाली, तीही अर्धीच. कोणीतरी घाईनं गॅस बंद केला असावा.

नजर इकडेतिकडे गेली तरी सूचना येते, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती सरळ समोर बघत राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीपर्यंत आलं. ते पुसायला तिनं हात वर केला नाही.

साडेबाराला प्रश्न नाहीसा झाला. पांढऱ्या पानावर चार ओळी आल्या.

'वेळ संपली आहे. जतन केलेली उत्तरे: ०. तांत्रिक अडचण परीक्षेदरम्यानच मदत-बटणाद्वारे नोंदवावी, नंतरच्या तक्रारींचा विचार होणार नाही. आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद.'

कीबोर्ड पुन्हा चालू झाला होता. तिला त्याला हात लावावासा वाटला नाही.

कुंपणाच्या भिंतीपाशी चंपतराव विचारत होते, "कसा चालू हाये मंग पेपर?"

"विचारू नको गा," बाबा म्हणाले. आवाज दबका होता, तरी त्यातला आनंद दबत नव्हता. "खिडकीच्या फटीतून पाहून राहिलो होतो मी. दीड तास झाला, पोरीनं स्क्रीनवरून नजर नाही काढली."