नऊ शेअर

लेकीच्या प्रत्येक वाढदिवसाला तिचे बाबा तिच्या नावावर एकाच कंपनीचा एक शेअर घ्यायचे आणि दिवसभर तिला 'मालकीणबाई' म्हणून चिडवायचे. वर्षातून एकदा कंपनीचं पत्र थेट तिच्या नावाने यायचं. आई ते न फोडता तिच्या टेबलावर, टोक काढून ठेवलेल्या पेन्सिलींशेजारी ठेवून द्यायची.

यंदाचं पाकीट जाड होतं, म्हणून आईने फोडलं. काही उमगेना, तेव्हा कंपनीला फोन लावला.

"घाबरू नका, ताई," पलीकडचा कारकून म्हणाला. "दहा शेअर मिळून एक होणार आणि भाव दहापट. कुणाचं काही जात नाही."

"आमच्याकडे नऊच आहेत. दर वाढदिवसाला एक, असे घेतलेले."

"मग त्यांचा एकसुद्धा होत नाही. पैसे खात्यात येतील आणि भागधारकांच्या यादीतून नाव निघेल."

"पैसे नकोत हो. नाव तेवढं राहू द्या."

कारकून हसला. "मग दहाव्या वाढदिवसाला बऱ्या विसरलात?"



"विसरलो नाही," आई पेन्सिलींकडे बघत म्हणाली. "सहा वर्षं झाली, ती नऊचीच आहे."