खुराड्याची कडी

सगळी गल्ली एका बसने तळ्याकाठी सहलीला निघाली. गुडघेदुखीमुळे काकू तेवढ्या मागे राहिल्या. काकांचा बसमध्ये चढतानाचा फोटो काढायला त्या मोबाइल घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. बस सुटली आणि काकांच्या मनात पाल चुकचुकली. खुराड्याची कडी लावली होती का आपण?

त्यांनी लगेच फोन केला. "अगं, कोंबड्या आहेत ना जागेवर?"

"आहेत हो. तुम्ही मजा करा."

जेवताना पुन्हा फोन. "पाणी दिलंस त्यांना?"

"दिलं."

"काका, लग्न कोंबड्यांशी झालंय की काकूंशी?" शेजारी म्हणाला. सगळे हसले, काकाही ओशाळून हसले. चहाच्या वेळी मात्र त्यांनी झाडामागे जाऊन हळूच विचारलं, "तांबडी लंगडत होती गं, बरी आहे का?"

"बरी आहे. माझ्याजवळच बसलीय."

अंधार पडताना काका परतले. खुराड्याची कडी नीट लावलेली होती. शेजारी उपड्या बादलीवर काकू गुडघा चोळत बसल्या होत्या.

"इथे काय करतेस?"

"मागचं दार आतून बंद. पुढच्या दाराला निघताना तुम्ही कुलूप घातलंत, सवयीनं. किल्ली तुमच्या खिशात."

काका घाईनं पुढच्या दाराशी जाऊन कुलूप उघडू लागले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मग फोनवर सांगितलं का नाहीस?"

"कोंबड्यांचं विचारलंत, कोंबड्यांचं सांगितलं."