साधा ओरखडा न्हाय

दार उघडत नव्हतं. तेजस्वीनं खांद्यानं रेटून बघितलं. चौकटच पिळली होती, आणि तिचे गुडघे डॅशबोर्डखाली अडकले होते. शेजारच्या सीटवर तिची सासू तानाबाई मान टाकून बसलेली. मनगटाला नाडी लागत होती, पण मंद.

"दार कापा! कुणीतरी कटर आणा!"

उसाच्या ट्रॉलीला चुकवताना गाडी चिंचेच्या झाडावर आदळली होती. पेठ वडगावच्या वाटेवरची माणसं धावत आली ती गाडीच्या पुढं जमली. सगळ्यांचं लक्ष बंपरपुढच्या लोखंडी गार्डकडं.

"ताई, घाबरू नगासा. गाडीला साधा ओरखडा न्हाय. आतल्यास्नी काय हुतंय?"

"आयला, चिंचंचीच साल निघाली की!" दुसरा हसला.

तेजस्वी शिरोलीच्या कारखान्यात गाड्यांच्या नळ्या डिझाइन करायची. पातळ पत्र्याच्या, बंपरच्या मागं बसणाऱ्या. धडक बसली की नळीनं घडी घडी चुरगळत जायचं आणि धक्का स्वतः खायचा. नळीचा चेंदामेंदा झाला, तर माणसाचा होत नाही. नवी गाडी आली तेव्हा सासऱ्यानं, जोतीरामनं, ती नळी बोटानं वाजवली. "ह्यो काय डालड्याचा डबा हाय व्हय?" स्वतःच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यानं जाड पाइपचा गार्ड केला, नळ्यांना डावलून थेट चेसीला, गाडीच्या सांगाड्याला जोडला आणि वर नारळ फोडला. ती बोलायला गेली तर घरदार हसलं. "सूनबाई, मोडतंय ते कधी चांगलं असतंय व्हय?" मग ती गप्प बसली. शिकलेली असली तरी सुनेनं गप्पच बसायचं असतं.

आता नळ्या कोऱ्या करकरीत होत्या. सगळा धक्का आत आला होता, तानाबाईच्या छातीत.

कुणीतरी फोन केल्यावर जोतीराम मोटरसायकलवरून आला. लांबूनच आत नजर टाकली आणि गार्डवरून हात फिरवला.

"मामा, दार काढा! आत्ती बोलंनात!"

"चक्कर आली असंल तिला. कटर निघालाय दुकानातनं. गाडी बघ की, हाय तशी हाय!"

माना डोलल्या. दोघं-तिघं गार्डचे फोटो काढत होते.

तेजस्वीच्या बोटांखालची नाडी थांबली. तिनं दुसरं मनगट धरलं. मग गळा चाचपला. तिथंही काही नव्हतं.

"पावणं, ह्यो गार्ड केला कुठं?" बाहेर कुणीतरी विचारलं. "आमच्या जीपला पायजे."

"माझ्याच दुकानात. या की उद्या," जोतीराम छाती काढून म्हणाला.

सासऱ्यासमोर तेजस्वीचा आवाज आजवर चढला नव्हता.

"ओ पावणं!" ती फुटक्या काचेतून ओरडली. "गार्ड बघून झाला असंल तर हिकडं या. आत वाकून बघा. मग द्या ऑर्डर."

गर्दी जागची हलली नाही. जोतीराम तेवढा आला आणि वाकला.