ॲक्टिंगचा पहिला नियम

सिनेमात हिरोच व्हायचं ठरवलेल्या अश्वजितला मोहफुलं वेचायला जाताना झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला आणि तो हरखूनच गेला. कॅमेरा वनखात्याने वाघ मोजायला लावलेला. पण समोर काही हललं की फोटो निघतो, एवढं त्याला पुरेसं होतं. मग काय, टोपली बाजूला ठेवून रोज सकाळी गॉगल लावून एन्ट्री, कधी काठीची तलवारबाजी, कधी छातीत गोळी लागून मरणं. फक्त कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही, हा ॲक्टिंगचा पहिला नियम मोबाइलवर शिकून त्याने पक्का पाळला.

आठवड्याभराने वनरक्षक कुमरे मॅडमनी बोलावणं धाडलं. गडी केस विंचरून, नवा शर्ट घालून हजर.

"पाचशे फोटो, अन् पाचशेत तूच! आमी वाघ कधी मोजाचे?" म्हणत मॅडमनी शेवटचा फोटो पुढे केला. त्यात अश्वजित डोळे मिटून झकास मरून पडला होता आणि त्याच्यामागे दहा पावलांवर पट्टेदार वाघ उभा होता.

"दिसला का मागं कोण हाये ते?"

अश्वजितने फोटो नीट न्याहाळला आणि तोंड वाकडं केलं.

"नवीन दिसते, मॅडम. सरळ कॅमेऱ्यातच पाहून राह्यला."