बाळाची सीट

उधव्याच्या नाक्यावर जमना जीपची वाट बघत उभी होती. जावई उमेशनं पांढरी गाडी थेट तिच्या पायाशी आणून थांबवली.

"मामी, बसा. त्या जीपमध्ये कोंबड्यांसारखी माणसं कोंबतात, किळस नाही येत तुम्हाला?"

दिवसाआड ढकलावी लागणारी गाडी, पण मिजास केवढी! मागं बाळाची सीट पट्ट्यांनी घट्ट बांधलेली होती आणि तिच्यात टॉवेल पांघरून गाडीची एक जादा बॅटरी बसली होती. दीड वर्षाचा नातू पुढं लेकीच्या, रोशनीच्या मांडीवर होता.

"ही इथं कशाला?" जमनानं विचारलं.

"गाडी बंद पडली की लावायला. ॲसिड सांडलं तर सीटकव्हर जळेल ना! आणि डिकीत स्पीकर आहेत."

रोशनीनं मान खाली घातली. जमना उरलेल्या जागेत अंग चोरून बसली.

कासा गाव यायच्या आधी गतिरोधकावर गाडी उडाली. उमेशनं ब्रेक दाबला आणि झटकन मागं हात घालून बॅटरी सावरली. पोराचं कपाळ समोर आपटलं. त्यानं भोकाड पसरलं, तरी बापाचा हात बॅटरीवरच.

"थांबवा गाडी."

लेकीला आणि नातवाला घेऊन जमना उतरली. तिनं मागून येणाऱ्या जीपला हात केला. आतल्या बायका सरकल्या, एकीनं पोराला उचलून पोटाशी घेतलं.

"मामी, पोराला त्या खुराड्यात नेता?"

शेणात पाय पडल्यावर पाहावं तसं जमनानं त्याच्याकडे पाहिलं.

"जावईबापू, त्या खुराड्यात बॅटरी बॉनेटखाली असते, आणि पोर माणसांत."