गुळगुळीत कपाळ

कपाळावर केस दिसले की नव्या मांचू राजाचे शिपाई मुंडकं उडवत. भादरलेलं कपाळ दिसलं की जुन्या मिंग राजाचे.

जीव मुठीत धरून पळत सुटलेले न्यायाधीश क्यू साहेब नदीकाठी फांग न्हाव्यापुढे बसले.

"पलीकडे मांचूंची चौकी आहे. भादर लवकर! तुला कुठेतरी पाहिलंय रे."

"आमच्यासारखे शंभर जण तुमच्या पाया पडून जातात, साहेब. मान खाली घ्या."

फांगच्या निरपराध लेकाला याच साहेबांनी फासावर चढवलं होतं. तरी त्याने कपाळावर एक केस म्हणून ठेवला नाही. साहेब खुशीत होडीत बसले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

 

फांगने सावकाश वस्तरा पुसला. ती चौकी पहाटेच मिंगांनी परत जिंकली होती.