ठासलेली माती

सुनेने स्टुलावर चढून फुलझाडांची पहिली टांगती टोपली हुकावरून काढली आणि तिचे दोन्ही हात एकदम खाली गेले.

"बाबा, हिच्यात काय भरलंत? दगड?"

मास्तरांनी घाईघाईने खालून आधार दिला. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. शिकवणारे नव्हेत, शिवणारे. दोघांनी मिळून टोपली गॅलरीच्या फरशीवर टेकवली. खाली टेम्पोवाला उभा होता. सुनेचे कपडे, पुस्तकं, भांडी मागेच गेली होती. आज ती तिच्या कुंड्या-टोपल्या न्यायला आली होती. चिरंजीव काही काम नसताना सकाळीच बाहेर पडले होते.

"तू गेल्यावर माती खाली बसली गं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, भर घालावी. मागच्या अंगणातली आणली खणून. चांगली काळीभोर होती."

"आणि दाबलीत?"

"दाबली म्हणजे... उशीत कापूस भरतो तशी भरली. कुठे पोकळ राहू नये म्हणून."

तिने मातीत बोट खुपसून बघितलं. बोट आत जाईना. खुरप्याने उचकटल्यावर अख्खं ढेकूळच वर आलं आणि तळातून कुजका वास सुटला. पिटुनियाची मुळं तिच्या बोटांत भिजल्या कागदासारखी तुटली. दुसऱ्या टोपलीतही तेच. कोपऱ्यातल्या कुंडीतला फर्न तेवढा जिवंत होता, कारण तिथवर मास्तरांचा हात पोचला नव्हता.

"पाणी रोज घालत होतो," मास्तर म्हणाले. "एक दिवस चुकवला नाही."

"कळतंय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तिने मेलेली रोपं बाजूला काढली. टोपली आता रिकामीच न्यायची, असं मास्तरांना वाटलं. पण ती खाली जाऊन टेम्पोतलं एक पोतं घेऊन आली आणि फरशीवर जुनी चादर पसरून त्यावर ओतलं. काथ्याचा भुसा, कुजलेला पालापाचोळा, गांडूळखत, थोडी जाड वाळू. दोन्ही हातांनी ती ते वरखाली करू लागली.

"बसा. तुम्हीही कालवा."

मास्तर गुडघे धरत खाली बसले. माती इतकी हलकी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"आता मूठ आवळा. गोळा झाला पाहिजे, आणि बोट लावलं की सुटला पाहिजे. हां, असा. टांगत्या टोपलीला अंगणातली माती चालत नाही, बाबा. तिची वीट होते. मग पाणी वरच साचतं आणि मुळं गुदमरतात."

तिने टोपलीतलं गोणपाटाचं अस्तर झटकलं. ते मास्तरांनीच मशिनवर शिवून दिलं होतं. "शिवण बघा, अजून शाबूत आहे," असं म्हणत तिने दुहेरी टाक्यावरून बोट फिरवलं. मास्तरांनी मातीची आणखी एक मूठ आवळली.

ती घर सोडून गेली त्या संध्याकाळी चिरंजीव तिच्यावर ओरडले होते, "माझ्या घरातून चालती हो!" मास्तर तिथेच मशिनवर बसले होते, मान खाली घालून सुईत दोरा ओवत. दोरा पहिल्याच झटक्याला ओवला गेला होता. तरी मास्तरांनी मान वर केली नव्हती. दार वाजेपर्यंत.

"त्या संध्याकाळी..." मास्तर म्हणाले आणि थांबले. सुनेने वर पाहिलं, पण हातचं काम थांबवलं नाही. "मी बोलायला हवं होतं."

"घर तुमचं आहे, बाबा." ती शांतपणे माती भरत होती. "तुम्ही नुसतं 'बस गं' म्हणाला असतात, तरी मी बसले असते."

खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"आणि आता म्हटलं तर?"

तिचे हात थबकले. मग तिने फर्नचा गड्डा उचलला, सुरीने मधोमध कापला आणि अर्धा टोपलीत बसवला.

"आता मला तिकडे करमायला लागलंय," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. डोलावतच राहिले.

उरलेला अर्धा गड्डा तिने स्वतःच्या कुंडीत ठेवला. भरलेली टोपली मास्तरांसाठी परत हुकाला अडकवली. आता ती तिला एका हाताने उचलता आली. "उरलेली माती दुसऱ्या टोपलीत भरा. काठोकाठ भरू नका, पाण्याला दोन बोटं जागा ठेवा. आणि रोज नको. बोट घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं." तिने नळाखाली हात धुतले, कुंडी कडेवर घेतली, आणि "येते, बाबा" म्हणता म्हणता जिभेवरचा शब्द बदलून म्हणाली, "जाते."

जिन्यावरची पावलं विरली तसे मास्तर कठड्याशी आले. खाली ती टेम्पोवाल्याच्या शेजारी बसत होती, कुंडी मांडीवर. मास्तरांना ती धुरकट दिसायला लागली. त्यांनी हात डोळ्यांकडे नेला.

"बाबा!" खिडकीतून डोकं काढून ती ओरडली. "आधी हात धुवा! खत आहे ते, डोळ्यांत जाईल!"

टेम्पो सुरू झाला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मास्तर दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभे राहिले.